लेसरने अणू थंड होतात ते कसे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विज्ञान पुरवणीतला लेसरने अणू थंड करण्यावरचा लेख आवडला, पण ‘सर्व बाजूंनी लेसर सोडले की प्रकाशाच्या दाबाने अणू थांबतो’ एवढ्यावर मूळ मुद्दा उरकला आहे. समोरासमोरून सारखाच दाब आला तर धक्क्यांची फिटंफाट होईल आणि पळता अणू पळतच राहील!

खरी करामत वारंवारतेत आहे. अणू जी वारंवारता शोषतो, तिच्यापेक्षा लेसरची वारंवारता मुद्दाम किंचित कमी ठेवतात. अणू ज्या किरणाकडे धावतो, त्याची वारंवारता डॉप्लर परिणामामुळे अणूच्या दृष्टीने वाढते आणि त्याच किरणातले फोटॉन (प्रकाशाचे कण) तो जास्त शोषतो. म्हणजे जिकडे पळावे तिकडूनच धक्का. सोडियमच्या बाबतीत एका फोटॉनमागे वेग सेकंदाला जेमतेम 3 सेंटिमीटरने घटतो आणि भट्टीतून सुटलेला अणू सेकंदाला किलोमीटरभर वेगाने येतो. तीसेक हजार धक्के लागतात, तरी काम काही मिलिसेकंदांत होते. अणूंचा वेग घटणे म्हणजेच ते थंड होणे. मग उष्णता जाते कुठे? अणू प्रकाश परत फेकतो तेव्हा त्याची ऊर्जा शोषलेल्या प्रकाशापेक्षा सरासरीने किंचित जास्त असते. तो फरक अणूच्या गतीतून वसूल होतो. लेखात नेमके हेच हवे होते.

आणखी एक दुरुस्ती. 1995 साली अमेरिकेत बोल्डर येथे भौतिकशास्त्रज्ञ कॉर्नेल आणि वीमन यांनी रुबिडियमचे बोस-आइनस्टाइन संघनन (अतिथंड अणू एकाच क्वांटम अवस्थेत येणे) घडवले, ते निव्वळ लेसरच्या जोरावर नव्हे. शेवटच्या टप्प्यात लेसर बंद करून अणू चुंबकीय सापळ्यात ठेवले आणि त्यातले जास्त ऊर्जेचे अणू रेडिओ लहरींनी बाहेर काढले. गरम पातेल्यातून वाफ निघून जावी तसे. तेव्हा कुठे तापमान 170 नॅनोकेल्विनच्या (नॅनोकेल्विन म्हणजे केल्विनचा अब्जावा भाग) आसपास आले.

1988 चा किस्सा मात्र गाळायला नको होता. वर सांगितलेल्या डॉप्लर पद्धतीच्या सिद्धांतानुसार सोडियम 240 मायक्रोकेल्विनच्या (केल्विनचे दशलक्षांश भाग) खाली जायला नको. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ विल्यम फिलिप्स यांच्या गटाने थंड करणारे लेसर बंद करून, सुटलेले अणू मोजणीसाठी खाली सोडलेल्या वेगळ्या किरणापर्यंत पोहोचायला किती वेळ घेतात ते मोजले, तर तापमान निघाले 40 च्या घरात! प्रयोग अपेक्षेहून सरस निघावा, असे क्वचितच घडते. अणूच्या ऊर्जापातळ्या मानल्या होत्या तितक्या साध्या नाहीत, हे त्यामागचे कारण कोहेन-तानूजी, दालिबार आणि स्टीव्हन चू यांच्या गटांनी पुढे उलगडले. 1997 चे नोबेल फिलिप्स, कोहेन-तानूजी आणि चू यांना मिळाले.

थंड अणूंवर चालणाऱ्या सीझियमच्या अणुघड्याळांवर आता स्वतंत्र लेख द्यावा, आणि सोबत किरणांच्या दिशा दाखवणारी एक आकृती जरूर छापावी.

आपला,
एक नियमित वाचक