रुपयाचं चिन्ह आणि साडेसात हजारांची तूट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या चोवीस घरांच्या सोसायटीची खजिनदारकी यंदा माझ्याकडे आली. आधीच्या खजिनदार काकांनी हिशेबाची एक्सेल फाइल पेन ड्राइव्हवर दिली. घरटी १,५०० रुपये मेंटेनन्स, म्हणजे महिन्याचे ३६,००० व्हायला हवेत. माझ्या लॅपटॉपवर बेरीज आली २८,५००. पासबुकात रक्कम पुरी होती, तरी चार दिवस जिन्यात कुजबुज चालली. सत्तरी ओलांडलेल्या काकांच्या कानावर ती गेली, याचं मला फार वाईट वाटतं.

पाच घरांच्या आकड्यांपुढे ₹ च्या जागी एक बारीक तिरकी रेघ दिसत होती. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मुंबई आयआयटीच्या डी. उदयकुमार यांनी रेखाटलेलं ₹ मंजूर केलं, तेव्हा ते कोणत्याच कीबोर्डवर नव्हतं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांच्या अक्षरांच्या सामायिक यादीत, ते त्याच वर्षी ऑक्टोबरात आलं. तोवर काही फॉन्ट निघाले होते, टॅबच्या वरची किल्ली दाबली की तिच्या तिरक्या रेघेऐवजी ₹ उमटायचं. काकांचा हात त्याच किल्लीवर बसलेला. तो फॉन्ट त्यांच्या संगणकात आहे, माझ्यात नाही. म्हणून मला रेघ दिसली. आणि आकड्याला असं चिन्ह चिकटलं की एक्सेल त्या रकमेला मजकूर समजतं, बेरजेत धरतच नाही. काका बेरीज कॅल्क्युलेटरवरच करायचे, त्यामुळे त्यांना हे कधी कळलंच नाही.

दुरुस्ती पाच मिनिटांची. कंट्रोल-एच दाबून ती रेघ शोधली, बदलीचा रकाना रिकामा ठेवून सगळीकडून काढली. मग आकडे निवडून कंट्रोल-१ दाबलं, आकडे कसे दिसावेत ते ठरवणारी खिडकी उघडली, आणि तिथल्या करन्सीत ₹ निवडलं. आता चिन्ह नुसतं दिसतं. एक्सेलच्या चौकटीत १५०० हाच आकडा राहतो. बेरीज ३६,०००. शीर्षकात किंवा मजकुरात ₹ हवं असेल तर ‘इंग्लिश इंडिया’ कीबोर्डवर उजवं ऑल्ट आणि ४ दाबावं, नाहीतर इन्सर्टमधल्या सिम्बॉलमधून घ्यावं.

गावोगावच्या बचत गटांचे, पतसंस्थांचे, मंडळांचे हिशेब आज अशाच फायलींत आहेत आणि ते लिहिणारे बहुतेक जण स्वतःच्या स्वतः शिकलेले. संगणकाचे वर्ग घेणाऱ्यांनी ₹ कुठून आणायचं एवढंच न सांगता ते आकड्याला हाताने का लावू नये, हेही करून दाखवावं. दुरुस्त केलेली फाइल मी छापून सोसायटीच्या फलकावर लावली आहे, पहिली प्रत काकांच्या हातात दिली.

आपली,
एक खजिनदार, चिंचवड