मिळकतकराचं बिल भरण्याआधी एकदा वाचून तरी बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी मे महिना आला की पेपरात बातमी असते, मिळकतकरातल्या सवलतीचे शेवटचे इतके दिवस राहिले म्हणून. तिचा फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो आणि मग सगळे घाईघाईने मोबाईलवरून भरून मोकळे होतात. भरल्याची पावती जपून ठेवतात पण बिल काय आहे ते कुणी बघत नाही, सगळ्यात खालचा आकडा सोडला तर. मी स्वतः बरीच वर्षं असंच केलंय म्हणून आज हे लिहितेय.

आमची बिल्डिंग सिंहगड रोडला, आकारणी झाली २०२० साली. २०२४ च्या मे महिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू संध्याकाळी बिल घेऊन आल्या, म्हणाल्या "तुझं किती आलं गं?" आमचे दोन्ही फ्लॅट एकावर एक, एकाच मापाचे, म्हणून मी सहज माझं बिल काढलं आणि दोन्ही डायनिंग टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. माझी चालू वर्षाची मागणी साडेतेरा हजारांच्या आसपास आणि काकूंची बावीस हजारांच्या वर (माझ्या बिलात आधीच्या वर्षांत जास्त भरलेले पैसे वळते होत होते, त्यामुळे प्रत्यक्ष भरायची रक्कम अजून कमी होती, ते वेगळंच). काकूंना वाटलं छपाईची चूक असेल. मग आम्ही दोघी चष्मे लावून एकेक ओळ वाचत बसलो. चौरस फूट तेवढेच, दर तोच, वापर निवासी. फरक होता तो फक्त वार्षिक करपात्र रक्कम या एका रकान्यात. मी आदल्या वर्षी पीटी-३ फॉर्म, म्हणजे घरात मालक स्वतः राहतो म्हणून सवलत मागण्याचा अर्ज, भरला होता, काकूंनी भरला नव्हता. त्यांना तो असतो हेच माहीत नव्हतं. मुलगा बंगलोरला, सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा नंबर होता आणि काका जाऊन दोन वर्षं झालेली. तो फोन कपाटात बंद पडलेला, सगळे मेसेज त्यावर जात होते. हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं, कारण सोसायटीच्या ग्रुपवर पीटी-३ भरा असा मेसेज टाकणारी मीच होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर करपात्र रकमेत ४० टक्के सवलत, ही पद्धत १९७० पासून चालत आलेली. त्याशिवाय देखभाल दुरुस्तीसाठी कायद्यात १० टक्के वजावट आहे, पुण्यात ती १५ टक्के दिली जायची. पुढे त्यावर ऑडिटचे आक्षेप निघाले, राज्य सरकारने २०१८ मध्ये सवलत रद्द करायला लावली, आणि १ एप्रिल २०१९ पासून ज्या मिळकतींची नव्याने नोंद झाली त्यांना ४० टक्के मिळालेच नाहीत. आमच्यासारख्या नवीन बिल्डिंगवाल्यांना तर आपल्याला काही कमी मिळतंय हे कळायला मार्गच नव्हता कारण आमचं पहिलंच बिल तसं आलं. जीआयएस सर्व्हेत, म्हणजे नकाशाच्या आधारे मिळकती तपासण्याच्या पाहणीत, जिथे भाडेकरू आढळले तिथलीही सवलत गेली होती. २०२३ मध्ये सरकारने ती परत दिली, १ एप्रिल २०१९ पासून धरून, पण दुरुस्तीची वजावट १० टक्क्यांवर आणली. आणि ज्यांची सवलत गेली होती किंवा ज्यांना कधी मिळालीच नव्हती त्यांनी पीटी-३ भरून द्यायचा असं ठरलं. फॉर्मची फी २५ रुपये. त्यासोबत आपण तिथेच राहतो याचा पुरावा, म्हणजे सोसायटीचं पत्र आणि मतदान कार्ड, पासपोर्ट, लायसन्स, रेशन कार्ड, गॅसचं कार्ड यातलं काहीतरी, आणि शहरात दुसरं घर असेल तर त्याच्या बिलाची कॉपी.

४० टक्के ऐकून लोकांना नीट अंदाज येत नाही, म्हणून मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये फळ्यावर हिशेब मांडला होता, तोच इथे देते, आकडे फक्त समजण्यापुरते. समजा तुमच्या घराचं करासाठी धरलेलं भाडं महिना ५,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ६०,०००. त्यातून १० टक्के दुरुस्तीचे गेले, राहिले ५४,०००. तुम्ही स्वतः राहता म्हणून ४० टक्के गेले की राहिले ३२,४००. आता सगळे कर मिळून समजा शेकडा ४० रुपये होतात असं धरलं तर सवलत नसताना २१,६०० आणि असताना १२,९६०. वर्षाला ८,६४० रुपयांचा फरक! पेन्शनवर राहणाऱ्या माणसाच्या तेवढ्यात वर्षभराच्या गोळ्या येतात.

अजून एक गैरसमज म्हणजे ३१ मे च्या आत भरलं की १० टक्के सूट, तर लोक बिलाच्या एकूण रकमेचे १० टक्के काढतात आणि मग म्हणतात कमी का दिली. ही सूट फक्त सर्वसाधारण करावर आहे, आणि तीसुद्धा वर्षाचा कर २५,००० पर्यंत असेल तर १० टक्के, त्यावर असेल तर ५ टक्के. बिलात सर्वसाधारण कर ही एक ओळ, बाकी सफाई कर, अग्निशामक कर, वृक्ष कर, पाणीपट्टी, जललाभ कर, मलनिस्सारण, मनपाचा शिक्षण कर, शासनाचा शिक्षण कर अशा किती ओळी असतात, त्यांना सूट नाही. सोलर, गांडूळ खत किंवा पावसाचं पाणी साठवण्याची सोय असेल तर वेगळी सूट मिळते, ती बऱ्याच सोसायट्या मागतच नाहीत. रोजगार हमी कर ही ओळ मात्र बघाच, तो बिगरनिवासी जागेला असतो, तुमच्या राहत्या घराच्या बिलात तिथे आकडा दिसला तर घराची नोंद कुठेतरी चुकलीय असं समजून लगेच चौकशी करा.

आणि थकबाकी. सहामाही कराची मुदत उलटली की महिना २ टक्के दंड लागतो म्हणजे वर्षाला २४. होमलोनचं व्याज याच्या निम्मंसुद्धा नसतं. बिल चुकलंय म्हणून रागाने न भरता बसणारे लोक मी पाहिलेत, तसं करू नका, तक्रार लेखी द्या, पोच घ्या, पण भरणा थांबवू नका. कोर्टात अपील करायचं म्हटलं तरी कायद्यात आधी बिलाची रक्कम भरावी लागते. मला स्वतःला अभय योजनांचा मनापासून राग येतो, कारण दंड माफ होणार म्हणून वाट बघत बसणाऱ्याला सूट आणि मे महिन्यात रांगेत उभं राहून भरणाऱ्या काकूंना काय? थकबाकी वसूल व्हायला हवी हे मान्य, पण अशी योजना आली की दरवेळी वेळेवर भरणाऱ्याचा विश्वास थोडा कमी होतो.

जे लोक फ्लॅट भाड्याने देऊन स्वतः राहतो असं दाखवतात त्यांच्याबद्दल पण लिहायला हवं. आमच्याही बिल्डिंगमध्ये एकाने मला विचारलं, सोसायटीचं पत्र देता का. मी दिलं नाही, त्यावरून बोलणं बंद झालं, होऊ दे. ही सवलत राहणाऱ्या माणसासाठी आहे, भाडं खिशात घालून वर सवलत घ्यायची हे बरोबर नाही, आणि अशाच प्रकारांमुळे मग सगळ्यांवर संशय येतो आणि म्हाताऱ्या माणसांना पुरावे गोळा करत फिरावं लागतं.

मुंबईच्या नातेवाईकांचं बिल बघून पण आपलं ठरवू नका. तिकडे २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे भाड्याऐवजी घराच्या किमतीवर, आकारणी आहे आणि ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मिळकतकर १ जानेवारी २०२२ पासून माफ केलाय. पुण्यात ती माफी नाही. माझ्या दिराने फोनवर सांगितलं आपल्याला शून्य येतं, तुम्हाला कोणीतरी फसवतंय, आणि आमच्या घरात दोन दिवस तोच विषय.

काकूंचं पुढे असं झालं की बिलावर नाव अजून काकांचंच होतं. खूप घरांत हे असंच असतं, माणूस जातो, बँकेत बदल होतो, लाईटच्या बिलावर होतो, मिळकतकराकडे कुणाचं लक्ष जात नाही. मग आम्ही नाव बदलण्याचा आणि पीटी-३ असे दोन्ही अर्ज एकाच दिवशी दिले. काकांच्या मृत्यूच्या दाखल्याची कॉपी द्यायची होती, ती काकूंनी घडी घालून पर्समध्ये ठेवली होती, टेबलावर ठेवताना दोनदा सरळ केली. शिक्का मारलेली पोच मिळाली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा बिलावर स्वतःचं नाव येणार का ते विचारलं, पैसे किती कमी होतील ते नंतर. पुढच्या वर्षीच्या बिलात नावही आलं आणि सवलतही. पण आधी जे जास्त भरले ते भरलेच.

हे सगळं एका कागदावर मावण्यासारखं आहे म्हणून माझी महापालिकेला विनंती आहे की बिलाच्या मागच्या बाजूला प्रत्येकाचा हिशेब ओळीने छापावा. क्षेत्रफळ इतकं, दर इतका, दुरुस्तीची वजावट इतकी, आणि ठळक अक्षरात, तुम्हाला स्वतः राहत असल्याची ४० टक्के सवलत मिळाली आहे किंवा मिळालेली नाही. नाही असेल तर कुठे जायचं, काय न्यायचं. एवढी एक ओळ असती तर काकूंना माझ्याकडे यावं लागलं नसतं, आणि ज्यांच्या वरच्या मजल्यावर विचारायला कुणी नाही त्यांचं काय होत असेल ते आपण बघतच नाही.

आणि तुम्हाला विनंती अशी की येत्या एप्रिलमध्ये सवलतीच्या तारखांच्या बातमीसोबत एक नमुन्याचं बिल मोठ्या अक्षरात छापा, प्रत्येक रकान्याला बाण काढून तिथे काय बघायचं ते सोप्या मराठीत लिहून. ग्रुपवरचे मेसेज काकूंसारख्या लोकांपर्यंत पोचत नाहीत पण पेपर त्या अजूनही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. तुम्ही छापलंत तर मी ते कापून आमच्या लिफ्टशेजारच्या बोर्डवर लावीन.

आपली नम्र,
एक वाचक, सिंहगड रोड, पुणे