मोर्चात कशाला गेले होते

जळगाव,
७ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल रात्री फोनवर बोलणं अर्धंच राहिलं. बाबांना फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आई तिच्या शब्दांत सांगते, त्यात माझं म्हणणं भलतीकडेच जातं. म्हणून लिहिते. घरच्या ग्रुपवर कालच्या युद्धविरोधी मोर्चाचा जो फोटो फिरतोय, त्यात पांढरा फलक धरून उभी आहे ती मीच. मोर्चा कुठल्या पक्षाचा नव्हता, परवानगी काढलेली होती, आणि पोलिसांनी कुणाला धरलं नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे आई पुढचं नीट वाचेल.

हिरोशिमावर बॉम्ब पडला त्याला काल ८० वर्षं झाली. इथल्या काही शिक्षकांनी आणि खादीवाल्या जुन्या मंडळींनी मिळून दिवसभराचा कार्यक्रम ठेवला होता. सकाळी फोटोंचं प्रदर्शन, दुपारी चार वाजता फेरी. मी रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं तर 'घरचं काम' म्हणाले, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

प्रदर्शन एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. भाजलेल्या माणसांच्या फोटोंसमोर मी फार थांबले नाही, खरं सांगते, बघवतच नाही. थांबले ते एका दगडी पायरीच्या फोटोपाशी. हिरोशिमात सुमितोमो बँकेची शाखा होती. बॉम्ब जिथे फुटला तिथून तीनशे मीटरच्या आतच. सकाळी सव्वाआठची वेळ. बँक उघडायची वाट बघत कुणीतरी पायरीवर बसलेलं होतं. त्या उष्णतेने आजूबाजूचा दगड पांढरट पडला आणि माणूस बसला होता तेवढी जागा काळी राहिली. पुढे ती पायरी काढून तिथल्या संग्रहालयात ठेवली. बसलेलं माणूस कोण होतं, हे आजही खात्रीने ठरलेलं नाही.

आमच्या पतसंस्थेचं शटर साडेदहाला उघडतं. पण नऊ-साडेनऊपासूनच पायऱ्यांवर म्हातारी माणसं येऊन बसतात. कुणाच्या ठेवीची मुदत संपलेली असते, कुणाला नुसतं पासबुक भरून हवं असतं. मांडीवर पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. 'ताई, आज तरी भेटतीन का पैसे?' मी रोज त्यांच्यातून वाट काढत, 'हो आजी, बघते' म्हणत आत जाते. आज सकाळी गेले तेव्हा त्यांच्यातल्या एकीला आधी आत खुर्चीवर नेऊन बसवलं. शिपाई बघतच राहिला.

१९४५ साल संपेपर्यंत त्या एका बॉम्बने सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. तीन दिवसांनी नागासाकी. आकडा मोठा असला की डोक्यात काही उभं राहत नाही, पायरी मात्र राहिली.

पोरं एका कोपऱ्यात कागदाचे करकोचे करत होती. सादाको सासाकी नावाची मुलगी बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती. पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला, आणि हजार करकोचे केले की इच्छा पुरी होते असं जपानमध्ये मानतात म्हणून ती अंथरुणावर करकोचे करत राहिली. १९५५ साली बाराव्या वर्षी गेली. मलाही पोरांनी बसवलं. माझा करकोचा बघून एक पोरगा म्हणाला, 'काकू, ही कोंबडी झाली.'

फेरी शिवतीर्थ मैदानापासून निघाली. कोर्ट चौक, चित्रा चौक करत टॉवर चौकापर्यंत. दीडेकशे माणसं असतील. खादीच्या टोप्या, पांढऱ्या साडीतल्या बौद्ध बायका, कॉलेजची मुलं, तांबापुऱ्यातले दोन मौलाना, आणि बहुधा आयुष्यभर प्रत्येक मोर्चात गेलेला एक म्हातारा लाल बावटेवाला. इतकी निरनिराळी माणसं एरवी एका मांडवात जेवायलाही बसत नाहीत. घोषणा द्यायच्या नाहीत असं ठरलं होतं, नुसते फलक. माझ्या हातात 'युद्ध नको, बुद्ध हवा' होता. आभाळ भरलेलं होतं पण पडलं नाही. बंदोबस्ताला आलेल्या दोघी पोलीस मुली पुढे-मागे धावून वाहनं थांबवत होत्या, त्या आमच्या दुप्पट चालल्या असतील.

चित्रा चौकात एक दुकानदार ओरडला, 'हे पाकिस्तानात जाऊन सांगा!' बाबा, तुम्हीही फोनवर जवळपास हेच म्हणालात. त्याला मी उत्तर दिलं नाही, तुम्हाला देते. देशाने फौज ठेवू नये असं मला वाटत नाही. घरात कुणी शिरलं तर काठी उचलायचीच. पण मे महिन्यात पाकिस्तानशी चकमक पेटली तेव्हा टीव्हीवर जे चाललं होतं, स्टुडिओत सायरन वाजवून लढाई लावून देणारी ती माणसं, त्यांच्यातला एकही सीमेवर जाणार नव्हता. आई, तेव्हा मॉक ड्रिलच्या यादीत भुसावळचं नाव आलं, तर तूच मला फोन करून तांदूळ, मेणबत्त्या भरून ठेवायला सांगितलंस. गल्लीतल्या काकूंचा मुलगा फौजेत आहे म्हणून त्या आठवड्यात रोज त्यांच्याकडे जाऊन बसत होतीस. तुझंही मन माझ्यासारखंच आहे, तू फक्त फलक धरला नाहीस.

माझ्या शेजारून चालणाऱ्या बाईंची गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. त्यांचे वडील वरणगावच्या आयुध निर्माणीत होते. तिथे गोळ्या बनतात, आणि त्या पगारावर ह्या चौघी बहिणी शिकल्या. मी विचारलं, 'मग इथे कशा?' म्हणाल्या, 'बाबा घरी आले की हात साबणाने तीनदा धुवायचे. आम्हाला वाटायचं तेलाचे डाग असतील.' पुढे काही बोलल्या नाहीत. आपल्या जिल्ह्यात वरणगाव आणि भुसावळ अशा दोन निर्माण्या आहेत, हजारो घरं त्यांच्यावर चालली. त्या घरांना मी काय सांगणार?

आता बाबांचा खरा प्रश्न. 'कुठे जपान, कुठे युक्रेन. आपल्याले काय करनं?'

बाबा, फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. पोटॅश खत मोठ्या प्रमाणात रशिया आणि बेलारूसमधून येतं, आणि आपला देश जवळजवळ सगळंच पोटॅश बाहेरून आणतो. हजाराच्या आसपास मिळणारी गोणी त्या वर्षी सतराशेला गेली. तुम्ही केळीला डोस कमी दिला, घड नीट भरला नाही, आणि व्यापाऱ्याने भाव पाडला. तेव्हा तुम्ही सगळा राग दुकानदारावर काढला होतात. त्या बिचाऱ्याच्या हातात काय होतं?

आणि हा प्रश्न आजोबांना कुणी विचारला नव्हता का? डिसेंबर १९३६ ला फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. आजोबा तेव्हा बारा-तेरा वर्षांचे, बैलगाडीत बसून गेले होते, हे तुम्हीच आम्हाला शंभरदा सांगितलंय. चित्रकार नंदलाल बोसांनी बांबूने सजवलेलं अधिवेशनाचं टिळकनगर, साने गुरुजींनी गोळा केलेले स्वयंसेवक, सगळं सांगितलंत. पण नेहरू अध्यक्षीय भाषणात कशावर बोलले, ते सांगायचं राहिलं. ते स्पेनवर बोलले. तिथे त्या वेळी युद्ध पेटलं होतं. समोर आपल्यासारखे केळी-कपाशीवाले शेतकरी, डोक्यावर इंग्रज सरकार, आणि माणूस स्पेनचं सांगतोय. लोक उठून गेले नाहीत. पुढच्या तीन वर्षांत जगाचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

असो, फार लांबलं. शनिवारी राखी आहे, आणि नागासाकीचीही तारीख तीच. सकाळच्या बसने मुलांना घेऊन येते. धाकटा करकोचे करायला शिकलाय, तो आईलाही बसवेल. दादाला सांगा, केळीच्या कांदेबागेसाठी पोटॅश आत्ताच उचलायचं की थांबायचं, ते मी आल्यावर ठरवू. इथल्या दुकानाचा आजचा भाव विचारून येते. आणि बाबा, गोळ्या वेळेवर घ्या. ह्या वेळी मी पाकिटं मोजणार आहे.

तुमची,
सुनीता