तात्या, त्या दिवसाचं थँक्यू राहिलंय

तात्या, नमस्कार. तुम्ही मोबाईल वापरत नाही, म्हणजे हे नातवालाच वाचून दाखवावं लागणार, त्याला म्हणावं जरा जोरात वाच.

नव्वदच्या दशकातलं जुन्नर, आमची टोळी म्हणजे अख्ख्या आळीच्या डोक्याला ताप. शाळा सुटली की दप्तर ओट्यावर भिरकवायचं आणि मानमोडीचा डोंगर गाठायचा. तिथे तुम्ही शेळ्या घेऊन असायचात. दुसरं कुणी असतं तर हाकलून दिलं असतं, तुम्ही मात्र आमच्या मागे मागे फिरायचात आणि आम्हाला वाटायचं आम्हीच तुम्हाला डोंगर दाखवतोय. दगड उचलायच्या आधी काठीने हलवायचा, खाली फुरसं असतं, आणि टाक्याचं पाणी प्यायचं तर धोतराच्या सोग्यातून गाळून, हे काही तुम्ही धडा दिल्यासारखं शिकवलं नाहीत, तुम्ही करायचात ते बघून आम्ही करायला लागलो. उन्हाळ्यात करवंदं. फोडायच्या आधी विचारायचं, कोंबडा की कोंबडी? आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं तर कोंबडी. तुम्ही कायम जिंकायचात राव, काहीतरी चीटिंग होतं त्यात नक्की.

पण खरं थँक्यू त्या मोहळाच्या दिवसाचं. आमच्यातल्या एकाने (नाव घेत नाही, आता त्याचीच पोरं कॉलेजला आहेत) भूतलिंग लेण्याच्या कमानीला लटकलेल्या आग्या मोहळावर दगड भिरकावला आणि पुढच्या क्षणी नुसता घूं घूं आवाज, आम्ही सैरावैरा, आणि तुम्ही कुठून आलात देव जाणे, दोघातिघांना मानगुटीला धरून खाली पाडलंत, वर घोंगडी टाकलीत आणि स्वतः बाहेर राहिलात. घोंगडीच्या आत शेळ्यांचा वास, घाम, आणि कुणीतरी मुसमुसत होतं. नंतर माईंनी तुमच्या मानेतल्या नांग्या एकेक करून काढल्या, चुना लावला, आणि तुम्ही आमच्या घरी सांगितलंत काय तर पोरं माझी चुकलेली शेळी शोधत होती म्हणून उशीर झाला. अहो शेळी चुकलीच नव्हती!

अजून एक राहिलंय. त्याच लेण्याच्या दर्शनी भागात, त्या कमळाच्या पाकळ्यांत बसलेल्या लक्ष्मीच्या आसपास, अक्षरं कोरलेली आम्हाला सापडली होती, म्हणजे आम्हाला वाटलं जगात पहिल्यांदा आम्हालाच सापडली, आरडाओरडा करून तुम्हाला बोलावलं. तुम्ही बोट फिरवलंत आणि म्हणालात, ‘लिव्हलंय कायतरी, पर आपल्याला न्हाय येत. तुमी शिका आन मला सांगा.’

तर सांगतो. ती ब्राह्मी लिपी आहे. चंद नावाच्या एका यवनाने लेण्याचा तो दर्शनी भाग दान दिला असं लिहिलंय. यवन म्हणजे ग्रीक किंवा तिकडचाच कुणीतरी परदेशी. त्या काळी कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांवरचा माल नाणेघाट चढून आपल्या जुन्नरला यायचा, तसेच हे लोक आले असणार. आणि त्याच डोंगरात भीमाशंकर लेण्यांचा जो गट आहे ना, तिथे दुसरा लेख आहे, नहपान राजाच्या अयम नावाच्या अमात्याने पाण्याचं टाकं आणि मंडप दिल्याचा. पार 1900 वर्षांच्या आसपासची गोष्ट! राजाच्या मंत्र्याने टाकं खोदवलं ते दगडात लिहून ठेवलं, आणि तुम्ही वर्षानुवर्षं त्या टाक्यांतला गाळ काढत होतात त्याची कुठे नोंदच नाही, मला याचा जरा रागच येतो.

दिवाळीत येतोय. सगळे जमणार नाहीत, एक जण दुबईला आहे, पण दगडवाल्याला ओढून आणतो. गुडघ्यांचं कळलंय, डोंगर चढायचा आग्रह नाही, अक्षरांचे फोटो काढून आणतो आणि ओट्यावर बसूनच बोट ठेवून वाचू. नातवालाही बसवा सोबत, त्याला ब्राह्मी चटकन येईल, फार अवघड नाहीये.

माईंना नमस्कार सांगा.