आत्याच्या मंडळासाठी, कोलंबसहून

कोलंबस, ओहायो
१२ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

‘फोनवर नको, लिहून पाठव’ असं तू म्हणालीस तेव्हा आधी हसूच आलं. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर गुलाबाची फुलं पाठवणारी तू, आणि चक्क पत्र मागतेस! मग कारण कळलं. सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेतल्या तुम्ही सात-आठ जणी पुढच्या शनिवारी आपल्याकडे बसणार, संगीत शिकवणाऱ्यांचं एखादं मंडळ काढावं का ते ठरवणार, आणि ‘आमची भाची तिकडे अशा मंडळात आहे’ म्हणून हे सगळ्यांना वाचून दाखवणार. तेव्हा जरा शहाण्यासारखं लिहिते. कंसात ‘वगळ’ लिहिलंय तिथे खरंच वगळ. बाबांना मात्र पूर्ण वाचू दे.

आमची सभा महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी साडेनऊला असते. सकाळी का, तर दुपारी शाळा सुटल्या की रात्री आठपर्यंत प्रत्येकीच्या घरी मुलांची रांग. तुझ्याकडे नाही का, साडेचारला पहिली चप्पल दारात येते आणि साडेआठला शेवटची उचलली जाते, अगदी तसंच. जागा पियानोच्या दुकानातली, मागच्या बाजूचा छोटा हॉल. दुकानदार भाडं घेत नाही. पालक पियानो घ्यायला निघाले की आधी बाईंना विचारतात, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

पहिला पाऊण तास इतका रटाळ की विचारू नकोस. मागच्या सभेचं इतिवृत्त, खजिनदारांचा हिशेब, चर्चचा हॉल मागायला कोण जाणार, बक्षिसांच्या रिबिनी कोण आणणार. पहिल्या दोन सभांनंतर मी घरी येऊन म्हटलं होतं, वर्गणी पाण्यात गेली. तिसऱ्या सभेत सत्तरीच्या एक बाई वाजवायला बसल्या. इथे दर वेळी कोणीतरी एक शिक्षक बाकीच्यांसमोर वाजवतो, तसा रिवाज आहे. एक संथ, जुना तुकडा होता. मधे चुकल्या. थांबल्या, कोणाकडे पाहिलं नाही, दोन ओळी मागे गेल्या आणि पुन्हा तिथपर्यंत येऊन नीट पुढे निघून गेल्या. मुलांना आपण जे रोज घसा कोरडा करून सांगतो ना, ‘चुकलं तर चेहरा करू नकोस’, ते त्यांनी करून दाखवलं. (वगळ: तू शेवटचं आपल्या बरोबरीच्या लोकांसमोर कधी गायलीस? शिष्यांसमोर नाही, बरोबरीच्या. मला तरी आठवत नाही.)

संस्था जुनी आहे. म्युझिक टीचर्स नॅशनल असोसिएशन हे मूळ मंडळ १८७६ साली थिओडोर प्रेसर नावाच्या संगीत शिक्षकाने बासष्ट सहकाऱ्यांना जमवून काढलं, तेही इथून जवळच, ओहायोतल्याच डेलावेअर गावात. (डेलावेअर नावाचं राज्यही आहे, ते वेगळं.) आता कचेरी सिनसिनाटीला, सभासद हजारो, त्याखाली राज्याची मंडळं आणि त्याखाली आमच्यासारखी गावोगावची. पुढचं वाक्य मोठ्याने वाच: पुण्यात गायन समाज १८७४ सालीच निघाला होता, म्हणजे आपण दोन वर्षं पुढे! पुढे गायक भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये भारत गायन समाज काढला, १९३१ साली गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं राहिलं आणि त्याने प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत परीक्षांची शिडी लावून दिली. तेव्हा आपल्याकडे संस्था नव्हत्या असं कोणी म्हणू नये. पण तुमच्यासारख्या घरच्या घरी, पुढच्या खोलीत सतरंजी टाकून शिकवणाऱ्या बाईचं गाऱ्हाणं कोणी ऐकायचं, हा प्रश्न या शिडीवर कुठे बसत नाही.

प्रेसरचं आणखी एक सांगते, कारण ते वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते. त्याने १८८३ मध्ये संगीत शिक्षकांसाठी ‘एट्यूड’ मासिक काढलं, स्वरलिपीची पुस्तकं छापून टपालाने विकली, बख्खळ पैसा केला. आणि त्या पैशातून फिलाडेल्फियात म्हाताऱ्या संगीत शिक्षकांसाठी एक घर बांधलं. जन्मभर तासाच्या फीवर जगलेले, ना पेन्शन ना ग्रॅच्युइटी, अशा लोकांसाठी. मला आपल्या वाड्यातले मागच्या खोलीतले तबल्याचे मास्तर आठवले. शेवटी शेवटी त्यांचा डबा तूच भरायचीस. त्यांचे विद्यार्थी कुठे कुठे वाजवत होते, आणि यांच्या खोलीत घड्याळाला सेल नव्हता.

आता तुझ्या मुख्य दुखण्याकडे येते. परीक्षेला पंधरा दिवस राहिले असताना तुझी चार मुलं उठून दुसऱ्या क्लासला गेली, त्यात मध्यमा परीक्षेची दोन. तुला वाटतं, मंडळ काढून नियम करावा: एकीचा विद्यार्थी दुसरीने घ्यायचा नाही. इथे नेमका हाच नियम होता! राष्ट्रीय मंडळाच्या आचारसंहितेतच लिहिलेलं होतं की दुसऱ्या शिक्षकाच्या क्लासचा मान राखावा, तिथली मुलं आपणहून ओढू नयेत. वाचायला किती सभ्य! पण २०१३ मध्ये इथल्या केंद्र सरकारच्या व्यापार आयोगाने त्यावर बोट ठेवलं. म्हणाले, तुम्ही स्पर्धा बंद करताय, यात पालकांचं नुकसान आहे. मंडळाने वाद वाढवला नाही, नियम काढून टाकला. पियानोच्या बायकांवर सरकार धावून आलं म्हणून तेव्हा पेपरांत बरीच टिंगलही झाली म्हणे. पण मला आयोगाचं अगदीच चुकलं असं वाटत नाही. मूल म्हणजे काय खुंट्याला बांधलेलं वासरू आहे?

तसंच फीचं. ‘महिना इतके रुपये, याच्या खाली कोणी घ्यायचे नाहीत’ असं सगळ्यांनी मिळून ठरवणं इथे कायद्यात बसत नाही. आपल्याकडे काय आहे ते शनिवारी येणाऱ्या वकीलकाकूंना विचारून घ्या, ठराव लिहायच्या आधी.

मग नियम गेल्यावर काय उरलं? ते माझ्यावरच बेतलेलं सांगते. गेल्या वर्षी एका आईचा फोन आला, मुलगी नऊ वर्षांची, आधीच्या बाईंशी वेळ जमत नाही, तुम्ही घ्याल का. मला मंगळवारचा एक तास रिकामाच होता, घेतली. दोन आठवड्यांनी सभेत कॉफी ओतताना शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, ‘ती कशी आहे?’ त्याच आधीच्या बाई! सभेत माझ्याच बाजूला बसतात. माझे कान गरम झाले. विचारायला हवं होतं, निदान सांगायला हवं होतं, हे मला सुचलंच नव्हतं. काय बोलावं कळेना. बाईंनी पर्समधून एक छोटी वही काढली. त्या पोरीची. तारीखवार लिहिलेली: डाव्या हाताचं चौथं बोट आत वळतं, घाई केली की खांदे वर जातात, आजीने शिकवलेलं गाणं वाजवायला दिलं की खूश. म्हणाल्या, ‘मी आणूनच ठेवली होती, तू फोन करशील म्हणून.’

त्यानंतर माझ्याकडे दुसरीकडून मूल आलं की मी आधी त्या शिक्षकाला फोन करते. घेऊ का असं विचारायला नाही. आलंय, आणि त्याच्याबद्दल काय सांगाल, एवढंच. आमच्यातल्या बहुतेक जणी असंच करतात. कुठे लिहिलेलं नाही. तुझी चार मुलं ज्या बाईंकडे गेली त्यांना तू ओळखत असतीस, महिन्यातून एकदा शेजारी बसून चहा घेत असतीस, तर परीक्षेआधी पंधरा दिवस हे झालं असतं का? झालंही असतं कदाचित. पण मग त्यांचा फोन आला असता, आणि त्या मध्यमाच्या मुलीची भीमपलासात कोमल निषादावर कुठे गडबड होते ते तू त्यांना सांगितलं असतंस. सांगितलंच असतंस, मी ओळखते तुला. (वगळ: त्यांनाही शनिवारी बोलाव. हो, त्यांनाच.)

बुडालेल्या तासांबद्दल तुम्ही सगळ्याच वैतागलेल्या आहात. मे महिन्यात कोकण, गणपतीत दहा दिवस दांडी, सहामाहीच्या आधी पंधरा दिवस गायब, आणि महिनाअखेरीला ‘बाई, चारच तास झाले, अर्धीच फी देऊ ना?’ इथे बहुतेकींचा कागद तयार असतो, सही घेऊनच मूल घेतात. फी तासाची नाही, वेळेची. मंगळवारी पाचचा तास तुमचा, आलात तर शिकवेन, नाही आलात तरी तो दुसऱ्याला दिलेला नव्हता. आजारपणासाठी एक युक्ती आहे: ज्या पालकांची हरकत नसेल त्यांची यादी सगळ्यांना द्यायची, त्यांनी आपसात वेळा बदलून घ्यायच्या, बाईंना मधे घ्यायचंच नाही. माझं निम्मं डोकं त्या यादीने शांत झालं. एकमेकींचे कागद पाहा, मग जिने तिने आपापला करा. तुझा मात्र मीच लिहून देते, नाहीतर तू ‘जमेल तसं द्या’ असं लिहून मोकळी होशील.

वसंतात आमचा महोत्सव असतो. शनिवारी दिवसभर. मुलं एकेक करून परीक्षकासमोर वाजवतात, पहिला-दुसरा नंबर नाही, प्रत्येकाला लेखी शेरा. माझी ड्यूटी दारावर होती. परीक्षकासाठी मुलाने मूळ छापील पुस्तक आणायचं, मात्रांच्या खणांना पेन्सिलीने आकडे घालून. झेरॉक्स चालत नाही, कॉपीराइटमुळे. एक मुलगा झेरॉक्स घेऊन आला. वडील रडकुंडीला, मुलगा ढिम्म. शेवटी त्याच्या बाई धावत गाडीतून आपलं पुस्तक घेऊन आल्या. शेऱ्याच्या कागदावर परीक्षकाने पहिलं वाक्य काय लिहावं? ‘बसण्याची पद्धत सुंदर आहे.’ मग चुका. आपल्या परीक्षांना गुण मिळतात, दहावीच्या वाढीव गुणांसाठी निम्मी मुलं त्यासाठीच येतात, पण कागदावर दोन ओळी कोणी लिहून देत नाही. तुम्ही आपसात मुलांची अदलाबदल करून ऐका आणि दोन ओळी लिहा. खर्च काय, वीस कागद आणि एक दुपार.

मागच्या महिन्यात कार्यक्रम माझा होता: पेटी आणि राग, पाऊण तास. अर्जात वाद्याच्या जागी ‘इतर’ला टिक करून आले होते, तेव्हा थोडी धाकधूक होतीच. यमन मांडला, बऱ्यापैकी झाला. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि ती तीसेक वर्षं टिकली, हे सांगितल्यावर हॉलमध्ये हळहळ पसरली. पण खरी गंमत पुढे. एकीने विचारलं, तुम्ही कुठल्या स्वरात गाता? सवयीने तोंडातून निघून गेलं, काळी चार. मग समजावलं की आमच्याकडे कोणी ‘जी शार्प’ म्हणत नाही, पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजतो. माझी काळी चार, आत्याची पांढरी पाच, बाबांची काळी एक. वीस बायका उठून पियानोपाशी! आपापला सूर लावून काळी-पांढरी शोधत होत्या. त्या वहीवाल्या बाईंची काळी तीन निघाली. आता मला मेसेज करताना खाली ‘काळी तीन’ अशी सही करतात.

तेव्हा शनिवारी अध्यक्ष, घटना, नोंदणी, महोत्सव यातलं काहीही काढू नका. आमच्यातही तरुण शिक्षक येत नाहीत, पांढऱ्या केसांचीच गर्दी आहे, आणि अर्धी भांडणं पदांवरून होतात. पोहे करा, एकीने पंधरा मिनिटं गावं, आणि सगळ्यांचे फोन नंबर एका कागदावर घ्या.

एक काम कर ना. इथे हीटर सुरू झाला की हवा इतकी कोरडी होते की माझ्या पेटीच्या भात्यातून हवा गळायला लागते. या वर्षी कोपऱ्यावरची चामड्याची पट्टीच सुटली आहे. आपल्या पेटीवाल्या काकांना विचार, तिथे सरस लावायचा की फेविकॉल चालेल, आणि किती वेळ दाबून ठेवायचं. मी तोवर सुतळीने बांधून ठेवलीय.

बाबांना नमस्कार. दिवाळीचा फराळ पाठवू नकोस, कस्टममध्ये अडकतो. चकलीची भाजणी मात्र पाठव.

तुझी,
चिऊ