बेटावरच्या अनोळखी ताई, मनापासून आभार

शरद ऋतू सरता सरता, वादळ ओसरल्यावर आम्ही बेटावर गॅनेट बघायला गेलो होतो. वीसतीस मीटरवरून सूर मारणारे ते पांढरे पक्षी बघताना भान हरपतं. परतताना दिव्याखाली एक काळपट पाखरू फतकल मारून बसलेलं दिसलं. पेट्रेल नावाचा समुद्रपक्षी! मी घाईघाईने बाटलीतलं पाणी त्याच्या चोचीत ओतणार, तेवढ्यात तुम्ही धावत आलात. "थांबा, पाणी नको. फुफ्फुसात जाईल."

तुम्ही आपल्या डब्याचं खोकं रिकामं केलंत, पेनाने भोकं पाडलीत, गळ्यातला स्कार्फ काढून आत पसरलात. हे पक्षी वादळाने थकतात, उजेडाने भरकटतात, आणि पाय इतके नाजूक की जमिनीवर धड उभं राहता येत नाही, हे हळू आवाजात माझ्या लेकीला सांगितलंत. मग तासभर त्या बोचऱ्या वाऱ्यात, उघड्या गळ्याने, खोकं कुशीत धरून बसलात.

पुरता अंधार झाल्यावर, दिव्यांपासून लांब, तुम्ही तळहात उघडलात. पाखरू क्षणभर थबकलं आणि समुद्राकडे गेलं. स्कार्फला पाखराचा कस्तुरीसारखा उग्र वास लागला होता. तुम्ही तो लेकीला हुंगायला दिलात.

नाव विचारायचं राहिलं, ताई. खूप खूप आभार.