खोली मिळाली

आखेन, जर्मनी, २३ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

खोली मिळाली. करारावर सही झाली, पत्ताही नोंदवून आले. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत तो नोंदवावा लागतो. आता पाकिटावर 'द्वारा' लिहायला नको.

सहा आठवडे 'हॉस्टेलसारखंच आहे' म्हणत होते, ते खरं नव्हतं. वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून कोल्हापूरच्या एका सीनियर मुलीकडे खाली गादी टाकून राहत होते. तुम्ही काळजी कराल म्हणून बोलले नाही. अकरा खोल्या पाहिल्या, दोन तर सीमेपलीकडे नेदरलँड्समधल्या फाल्सला, तिथे इथून सिटी बस जाते. इथे नवीन भाडेकरू बहुतेकदा आधी राहणारी मुलंच निवडतात. सोबत बसून चहा प्यायचा आणि मग त्यांच्या निरोपाची वाट बघायची.

बाबा, घरात एक मुलगाही आहे म्हटल्यावर तुम्ही फोनवर गप्प झालात. प्रत्येकाची खोली वेगळी, किल्ली वेगळी, करारही वेगळा. इथे सगळे असेच राहतात. तो इराणी आहे, पीएचडी करतो. पहिल्या दिवशी माझ्या दोन्ही बॅगा तिसऱ्या मजल्यावर त्यानेच चढवल्या आणि रात्री आमच्या तिघांचा भात लावला. दुसरी मुलगी कोलोनकडची आहे. आजीला यातलं किती सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

आई, व्हिडिओ कॉलवर खिडकी उघडी दिसली म्हणून तू रागावलीस. अगं, ती उघडावीच लागते, करारात तसं लिहिलंय! याला 'ल्युफ्टन' म्हणतात. कितीही थंडी असो, दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटांनी लावून घ्यायच्या. फटीएवढी उघडून दिवसभर ठेवलेली चालत नाही, त्यानं भिंती गार पडतात. खिडक्या इतक्या घट्ट बसतात की आंघोळीची, कुकरची, आपल्या श्वासाचीसुद्धा वाफ आत कोंडते, गार भिंतीवर पाणी धरतं आणि बुरशी येते. पावसाळ्यात माळ्यावरच्या गाद्यांना वास येतो ना, तसंच. बुरशी आली तर डिपॉझिटमधून पैसे कापू शकतात. तेवढा वेळ मी तुझा स्वेटर घालून बसते.

आता पैशांचं. भाडं ३६० युरो, हीटर-पाणी धरून ४५०. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक खात्यातून महिन्याला ९९२ मिळतात, त्यात भागतं. डिपॉझिट तीन महिन्यांचं, १०८० युरो. मालक एकरकमी मागत होते, पण विद्यार्थ्यांच्या सल्लाकेंद्रात कळलं, की कायद्यानं ते तीन हप्त्यांत देता येतं. त्यामुळे बाबा, पतसंस्थेतली ठेव मोडू नका. खरंच नको. जानेवारीपासून विभागात काम मिळतंय.

ताईच्या लग्नाला मला येता येणार नाही. फेब्रुवारीत परीक्षा आहेत आणि तिकिटाचे पैसे हप्त्यांत जातील. तिला अजून सांगितलेलं नाही, मीच सांगेन. तुम्ही आधी बोलू नका.

आई, लग्नात तुझ्या हातात पाटल्या नसतील हे सारखं मनात येतं. जानेवारीचा पगार आला की सगळा पाठवते, जमतील तेवढे पैसे भरून एक तरी सोडवून आण.

तुमची,
मनू